नऊ नोव्हेंबरचे दोघे

राडामेस आमच्या बेसबॉलच्या संघात आला आणि माझी झोप उडाली. तसा पोरगा गुणी, चेंडू झेलणारा कॅचर म्हणून एक नंबर. वाईट एवढंच की त्याचाही जन्म नऊ नोव्हेंबरचा. चार वर्षं मी हा वाढदिवस गुपचूप गिळत आलो होतो, कारण तो माझा नव्हताच. कागदावर मी एलिसेओ मोता, वय बावीस. खरा मी रामिरो, सव्वीस वर्षांचा, आणि सव्विसाव्या वर्षी चेंडू फेकणाऱ्या नव्या पिचरकडे अमेरिकेतले क्लब ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून माझ्या प्रशिक्षकानं शेजारच्या वस्तीत लहानपणीच वारलेल्या एलिसेओचा जन्मदाखला मला मिळवून दिला. त्याच्या आईनं, दोन्या मिनेर्वानं (वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानानं दोन्या म्हणतो), "माझ्या लेकाचं नाव तरी खेळू दे" म्हणून तो आपल्या हातानं दिला होता.

राडामेस मात्र गावभर बोंबलत सुटला.

"अरे जुळ्या, एकाच दिवशी जन्मलो की आपण! दोघांच्या आया मैदानात आणू!"

"कशाला उगाच तमाशा?"

"लाजतोस काय नवरीसारखा?"

त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. पण आमच्या क्लबला त्याची कल्पना भलतीच आवडली. आणि नेमका त्याच आठवड्यात अमेरिकन क्लबचा तपासनीस बाल्बुएना माझे कागद तपासायला आमच्या शहरात, सान पेद्रोत येऊन टपकला. करारावर त्याचा होकार तेवढा बाकी होता. पकडलो गेलो तर करार तर जाईलच, पुन्हा कुठे खेळूही देणार नाहीत.

नऊ तारखेला सामन्याआधी, टळटळीत उन्हात, आम्हाला मैदानाच्या मधोमध उभं केलं. राडामेसची आई चार मावश्यांची फौज घेऊन आली होती. माझ्या बाजूला एकटी दोन्या मिनेर्वा, कडक इस्त्रीच्या निळ्या झग्यात. मी तिला आयुष्यात तीनदा भेटलो होतो.

तिनं मला मिठी मारली आणि कानात पुटपुटली, "घाबरू नकोस रे, मला सगळं पाठ आहे."

खरंच होतं. बाल्बुएनानं हसत हसत माझ्या जन्माचं विचारलं आणि तिनं धडाधड सांगितलं: कुठली सुईण, किती वाजता, बाहेर पाऊस कसा कोसळत होता. मला जरा श्वास घेता आला.

तेवढ्यात पोरं पीठ आणि अंडी घेऊन धावत आली. वाढदिवसाला आमच्याकडे कुणाची सुटका नसते. राडामेस एव्हाना पिठानं पांढराफटक झाला होता. माझ्या डोक्यावर अंडं फुटणार, तोच दोन्या मिनेर्वा हात पसरून मध्ये घुसली.

"अंडं नको! त्याला अंडं चालत नाही! अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो त्याचा!"

सगळे खो खो हसले. बाल्बुएना हसला नाही. सकाळी न्याहारीला तो माझ्या समोरच बसला होता आणि मी दोन तळलेली अंडी चाटूनपुसून खाल्ली होती.

"मोठेपणी चालायला लागलं मला," मी घाईघाईनं म्हणालो.

"असं?" तो तिच्याकडे वळला. आवाज अगदी मऊ. "कितव्या वर्षी, दोन्या?"

एक आकडा हवा होता. दहा, बारा, काहीही. मी डोळ्यांनी तिच्या विनवण्या करत होतो. तोवर तिनं एकही खोटं सांगितलं नव्हतं, सगळं तिच्या खऱ्या एलिसेओचंच होतं, हे मला तेव्हा कळलं. ती बोटांवर मोजायला लागली. चार, पाच, सहा. सहाव्यावर अंगठा थांबला.

"सहाच्या पुढचा तो मला माहीत नाही हो," ती म्हणाली आणि माझाच सदरा धरून रडायला लागली.

बाल्बुएनानं फाइल मिटली. सगळं संपलं होतं. राडामेस पिठानं माखलेल्या तोंडानं नुसता बघत राहिला. तिला धरून उभं राहण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. पण आता तिला दोन्या म्हणू की आई, तेच मला समजेना, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटली.