दोन मिलिमीटर

जाहिरातीत माझा भाऊ चार सेकंद दिसतो. मी मोजून बघितलंय. आमच्या चौकातल्या सलूनवाल्याने ती जाहिरात टीव्हीवर दिवसभर लावून ठेवली होती आणि माणसं अर्ध्या दाढीत मान वळवून बघायची. त्या आठवड्यात शहरातले बरेच जण गालावर पट्टी चिकटवून हिंडत होते.

आधी धुरांडं दिसतं, मग ओला रस्ता, मग बंद शेडच्या फुटक्या छपरातून येणारं ऊन, मग दादा. त्यानंतर जिची जाहिरात आहे ती नवी गाडी रस्त्यावरून जाते आणि एक जाड आवाज म्हणतो, ‘हे शहर वाकत नाही.’ संपलं.

रस्ता कोरडा ठणठणीत होता, हे मी सांगते. त्यांनी टँकरने पाणी मारलं तेव्हा माझी वाळत घातलेली चादर भिजली. धुरांड्यातला धूरही त्यांनीच आणलेल्या यंत्राचा. नऊ वर्षं थंड पडलेलं, बंद कारखान्याचं धुरांडं धूर सोडताना पाहून शेजारच्या आजोबांनी सुनेला डबा भरायला सांगितलं. तिने बिचारीने भरून दिलाही.

पण माझं डोकं फिरलं ते दादाच्या तोंडाकडे बघून. त्यांनी त्याच्या गालांना आणि कपाळाला काळं ग्रीस फासलं होतं. माझा भाऊ सत्तावीस वर्षं त्या कारखान्यात गाड्यांना दारं लावत होता. सगळे त्याला दारोबाच म्हणायचे. दार लावणारा माणूस तासातासाला साबणाने हात धुतो, कारण रंगवलेल्या दारावर डाग पडला तर ती गाडी परत रंगखात्यात जाते. रंगखात्यात मी होते. दादाने लावलेल्या दारावर मला एकदाही डाग सापडला नाही, आणि बहीण म्हणून मी तो सापडावा असाच शोधलाय. अशा माणसाच्या तोंडाला ग्रीस? कष्टकरी दिसायला हवा, म्हणे.

लोकांचं म्हणाल तर जितकी तोंडं तितक्या गोष्टी. शाळेतल्या बाई मुलांना जाहिरात दाखवता दाखवता रडल्या. एकाने ते वाक्य छापून शर्ट काढले आणि ते हातोहात खपले. माझी रंगखात्यातली मैत्रीण म्हणाली, मेल्या म्हशीला मणभर दूध. ज्यांनी कारखान्याला कुलूप लावलं तेच आता त्याच्या नावाने गळा काढतायत. तिचं खरं होतं. कंपनी तीच. गाड्या आता दुसरीकडे कुठेतरी तयार होतात आणि शौर्य तेवढं आमच्याकडून नेतात. मला राग आला. खरं सांगायचं तर अभिमानही वाटला, आणि तो वाटला म्हणून आणखी राग आला.

दादाने जाहिरात एकदा पाहिली. तोंड धुवायला पाणीसुद्धा दिलं नाही, एवढंच म्हणाला आणि कामाला गेला.

आता मुद्द्याचं. जाहिरात गाजली म्हणून कंपनीने कारखान्याच्या जुन्या कँटीनमध्ये शोरूम उघडायचं ठरवलं. बारा जणांना नोकरी मिळणार होती. माझी भाची, दादाची एकुलती एक लेक, दोन वर्षं झेरॉक्सच्या दुकानात उभी होती. स्वतः पदवी घेतलेली मुलगी दिवसभर दुसऱ्यांच्या पदव्यांच्या प्रती काढत होती. तिने अर्ज केला, मुलाखत दिली, निवडही झाली. फक्त नेमणुकीचं पत्र यायचं होतं.

पत्राच्या आधी कंपनीचे साहेब आले. टाय लावलेले, बोलायला गोड. घरात बसून पाणी प्यायले आणि दादाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तुमचा चेहरा म्हणजे या शहराचा चेहरा, वगैरे. मग म्हणाले, उद्घाटनाला पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली दारोबांनीच द्यायची आणि जाहिरातीतलं ते वाक्य म्हणायचं. त्याच्यामागोमाग त्याच व्यासपीठावर मुलीला पत्र देऊ. यातला ‘तर’ साहेब बोलले नाहीत. वहिनीला मात्र तो स्पष्ट ऐकू आला.

पुढचे पंधरा दिवस वहिनीने नवऱ्याची शिकवणी घेतली. भाजी चिरता चिरता ती त्याच्याकडून वाक्य म्हणून घ्यायची आणि दादा ते हजेरी दिल्यासारखं म्हणायचा. पण तिला वाक्याची काळजी नव्हतीच. तिला नवरा माहीत होता. कारखाना सुटल्यापासून दादा लोकांच्या कपाटांची, खोल्यांची दारं नीट करून पोट भरत होता. रविवारी भाची दार धरायला त्याच्याबरोबर जायची. इथवर ठीक. पण हा माणूस कोणाकडे सांत्वनाला गेला तरी निघताना दार दोनदा लावून बघतो आणि बिजागरीबद्दल काहीतरी पुटपुटतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

‘गाडीकडे बघूच नका,’ वहिनीने बजावलं. ‘गिऱ्हाइकाकडे बघा, किल्ली द्या, वाक्य म्हणा आणि खाली या. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.’

‘नाही बघणार,’ दादा म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं होतं, याला मी साक्षीदार आहे.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले आणि गंमत म्हणजे जो तो आपापल्या जुन्या जागी बसला. यंत्रखातं खिडकीकडे, रंगखातं नळाजवळ, आणि सुपरवायझर लोक वेगळे, पूर्वीसारखेच. जेवणाची टेबलं जाऊन खुर्च्या आल्या होत्या, पण आमच्या डोक्यात टेबलं तशीच होती. समोर ठेंगणं व्यासपीठ, त्यावर पाच नव्या गाड्या. साहेबांच्या शेजारी भाची उभी होती, कंपनीने दिलेला निळा कोट घालून. ती इतकी छान दिसत होती की वहिनीने दोनदा चष्मा पुसला.

भिंतीवर जाहिरात दाखवली. दादा दिसला तेव्हा टाळ्या पडल्या. काहींनी हाताची घडी सोडली नाही, मीही त्यातलीच.

पहिली ग्राहक आमच्या शहरातली दातांची डॉक्टरीण होती. समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या दाढा तिनेच काढलेल्या. ती गाडीत बसली, फोटोसाठी हसली आणि तिने दार ओढलं. दार लागलं नाही. तिने परत ओढलं, जोरात. तेव्हा लागलं, पण आधी खर्रकन घासलं.

दादा वहिनीने सांगितल्याप्रमाणे गाडीकडे पाठ करून उभा होता. पण कानांना कुठे पाठ असते? त्याचे खांदे वर गेले ते मी पाहिलं. मी एकटीनेच नाही, यंत्रखात्याच्या सगळ्या रांगेने पाहिलं, आणि तिकडच्या टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

डॉक्टरीणबाई किल्ली घ्यायला खाली उतरल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं. साहेबांनी दादाच्या एका हातात माइक दिला आणि दुसऱ्या हातात किल्ली. दादा म्हणाला, ‘हे शहर,’ आणि थांबला. वहिनीचे ओठ पुढचे दोन शब्द पुटपुटत होते. दादाने माइक खाली केला, वळला, गाडीपाशी गेला, दार हलकेच लावून वरच्या फटीवरून अंगठा फिरवला आणि मग खालच्या.

‘दार बसलंय, खाली उतरलंय,’ तो म्हणाला. माइक चालूच होता, साऱ्या कँटीनने ऐकलं.

साहेब हसत पुढे झाले आणि त्यांनी माइकवर हात ठेवला. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो, आम्हाला ऐकू येत होतं. किरकोळ आहे, ते म्हणाले, कार्यक्रम उरकू, मागाहून वर्कशॉपमध्ये घेऊन करून टाकू.

‘कुठल्या वर्कशॉपमध्ये?’ दादाने विचारलं. ‘ते तर तुम्ही बंद केलंत.’

साहेबांचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी दादाचा नाद सोडला. ते भाचीकडे वळले, हातातल्या फायलीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि तिला हळूच म्हणाले, वडिलांना समजव, तुझं पत्र यातच आहे.

दादाने ते ऐकलं. आणि मग जे झालं ते सांगायला मला अजून जड जातं. माझा भाऊ नमला. त्याने मान खाली घातली आणि किल्लीचा हात डॉक्टरीणबाईंच्या दिशेने पुढे केला. लेकीसाठी तो ते दार तसंच जाऊ देणार होता. सत्तावीस वर्षांत त्याच्या हातून असं दार गेलं नव्हतं. ग्रीस फासलेलं त्याचं तोंड मला बरं वाटलं असतं, इतका तो त्या क्षणी केविलवाणा दिसला.

‘बाबा,’ भाची म्हणाली, ‘किती बसलंय?’

दादाने तिच्याकडे बघितलं नाही. ‘दोन मिलिमीटर.’

‘वरची बिजागरी?’

‘वरची.’

ती दोन पावलं चालून दारापाशी गेली. ‘तेराचा पाना आहे का कोणाकडे?’ तिने समोरच्या लोकांना विचारलं.

उद्घाटनाला खिशात पाना घालून कोण येतं? आमच्याकडे सात जण आले होते. सात पाने हातोहाती पुढे सरकले. मला राहवेना, मी जागेवरून ओरडले, ‘रंगाला काही लागू देऊ नका.’ भाचीने मान हलवली, अंगातला निळा कोट काढला, त्याची जाड घडी करून गुडघ्यावर ठेवली आणि दार उघडून खालून त्यावर पेललं. दार धरायची तिला सवय होती, पण ही कपाटाची फळी नव्हती, चांगलं वीस-पंचवीस किलोचं धूड होतं. तिने दोन्ही हातांनी कड गच्च धरली.

दादाने आधी हात पुसले. मग बोल्ट सैल केले.

‘उचल,’ तो म्हणाला. ‘थोडं. अजून केसभर. बस.’

कॅमेरावाला चित्रीकरण करतच होता. साहेबांनी भिंगापुढे हात धरला. तो पोरगेला कॅमेरावाला एक पाऊल बाजूला सरकला आणि पुढचं टिपू लागला. साहेबांनी पुन्हा हात धरला, तो पुन्हा सरकला. सहा मिनिटं चाललं असेल सगळं. मधे एकदा दादाने न बघता हात मागे केला आणि पहिल्या रांगेतून कोणीतरी त्याच्या हातात स्वच्छ रुमाल ठेवला.

त्याने बोल्ट आवळले आणि भाचीने गुडघा काढला. दादा डॉक्टरीणबाईंना म्हणाला, आता लावून बघा. बाईंनी दोन बोटांनी दार ढकललं. ते आपणहून गेलं आणि लागलं, जसं लागायला हवं तसं. बाईंनी परत उघडलं, परत लावलं, आणि कुणी न सांगता हसल्या.

टाळ्या पडल्या नाहीत. आमच्याकडे चांगल्या कामाला टाळ्या वाजवत नाहीत, मान हलवतात. सगळ्या रांगांनी मान हलवली. सुपरवायझर लोकांनीही, ज्यांनी कामावर असताना ती कधी हलवली नव्हती.

‘आता न्या, बाई,’ दादा म्हणाला आणि त्याने किल्ली दिली. ते वाक्य तो म्हणालाच नाही.

साहेबांनी जमिनीवर पडलेला निळा कोट उचलला. त्यावर धुळीचा पट्टा उठला होता. त्यांनी तो झटकला, घडी करून स्वतःच्या हातावर टाकला, फाईल काखेत घेतली आणि भाचीला सांगितलं की सोमवारी यायची गरज नाही. आवाज अगदी सभ्य होता. भाची ‘बरं’ म्हणाली. हनुवटी वर होती तिची, पण मी तिची आत्या आहे, तिने ओठ आतून चावला होता ते मला दिसलं. दोन वर्षं उभी राहिली होती पोरगी त्या एका कागदासाठी.

मी वहिनीकडे बघायचं टाळत होते. दादाही. तो पाना हातात धरून व्यासपीठावर तसाच उभा होता, घरी गेल्यावर काय बोलायचं याची जुळवाजुळव करत असावा. तेवढ्यात वहिनी उठली. पर्स काखेत मारून ती तडक व्यासपीठावर चढली. मला वाटलं, आता चारचौघांत त्याची बिनपाण्याने होणार. दादालाही तेच वाटलं, कारण त्याने डोळे मिटून घेतले.

वहिनी त्याच्या समोरून गेली, लेकीच्या समोरून गेली आणि दुसऱ्या गाडीपाशी थांबली. तिने दार उघडलं आणि लावलं. पुन्हा उघडलं, कान जवळ नेला आणि पुन्हा लावलं.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘हे पण बसलंय. या इकडे.’