माझ्या जागची सुपारी

मी इटलीत बोलोन्याला शिकायला येऊन तीन आठवडे झाले, तेव्हा सांगलीला आमच्या घरी सुपारीने फोन उचलला.

"कुमुद देवस्थळी बोलतेय," ती म्हणाली. नाव माझं, आवाजही माझाच, जरासा कोरडा. "हे अंघोळीला गेलेत. काही निरोप?"

मी म्हटलं, नाही, आणि फोन ठेवला.

तिला मी ओळखत होते. नव्या फ्लॅटची वास्तुशांत माझ्याविनाच उरकायची ठरली, तेव्हा गुरुजींनी ह्यांच्या शेजारच्या पाटावर माझ्या जागी सुपारी ठेवायला सांगितलं. बायको हजर नसली की ठेवतात तशी. निघण्याआधी डब्यातून ती मीच निवडून दिली होती. चांगली गोल, न किडलेली.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "अहो, पूजा झाल्यावर ती सुपारी उचलली नाहीत?"

"विसरलो. राहू दे की, काय खातेय?"

"फोन उचलते ती."

"मग बरंच आहे. मला कुठे बाथरूममध्ये ऐकू येतं."

बावीस वर्षं मी वाचनालयात फाटक्या पुस्तकांना माझ्या अकलेने खळ लावत आले. इथे तेच काम सहा महिने रीतसर शिकवतात. राहायला सिन्योर बेल्लेई यांच्याकडे एक खोली मिळाली. त्यांची बायको जपानात क्योटोला लाखकाम शिकायला गेली आहे. जेवणाच्या टेबलापाशी तिची खुर्ची रिकामी असते आणि पाठीवर तिचा निळा स्वेटर. तिथे बसू नका, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

शनिवारी मी जुनी शहरं पाहायला जाऊ लागले. कुठे निघालीस, कधी येणार, असं विचारणारं कोणी नव्हतं. आधी फेराराचा किल्ला पाहिला. खिडकीतून खंदक बघायला टाचा उंचवाव्या लागल्या. फोटो घरी पाठवला तर सुपारीचं उत्तर आलं, "छान. जपून फिरा." मला अहो-जाहो.

पुढच्या शनिवारी राव्हेन्नाला तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने मला मुलांचं तिकीट दिलं. मी ते कौतुक समजले. आत जुन्या समाधीच्या छतभर निळ्यावर सोनेरी चांदण्या होत्या. तेवढ्यात ह्यांचा फोटो आला. कृष्णेचा घाट, हे, आणि शेजारी माझी मोरपंखी साडी नेसून ती. चोवीस वर्षांत ह्यांचे गुडघे माझ्याबरोबर घाटापर्यंत कधी पोचले नव्हते. मी चांदण्या पाहिल्याच नाहीत. तिच्या निऱ्या न्याहाळत बसले. माझ्यापेक्षा चापून नेसली होती.

मांतोव्हाच्या राजवाड्याला तिकीट लागलंच नाही. मी अडसराखालून सरळ आत गेले. बोलोन्यातल्या कमानी आता इतक्या उंच झाल्या होत्या की वरची नक्षी दिसेना.

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. "उचला तिला. आत्ताच्या आत्ता."

"गुरुजींना विचारलं मी," हे म्हणाले. "बायको येऊन पाटावर बसली की सुपारी आपोआप उठते."

"मग येते मी."

"अगं, दोन महिने राहिलेत तुझे. नीट शिकून घे. इथे तुझ्यावाचून काही अडत नाही."

मायेनेच म्हणाले, हीच पंचाईत. मागे ती मेथी निवडत होती, देठांसकट. ह्यांना देठ चालत नाहीत. मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, ह्यांनी दोनदा भाजी वाढून घेतली.

रविवारी सकाळी बॅग भरायला घेतली. बॅगेची चेन मला दोन्ही हातांनी ओढवेना. दाराची कडी डोक्याच्या खूप वर होती. हातांवर तपकिरी रेघा उमटल्या होत्या, गोलाकार. मी दार आतून ठोकलं.

बेल्लेईंनी दार उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, मग वाकून मला तळहातावर घेतलं.

"मला घरी जायचंय," मी म्हणाले.

"आज भाऊ जेवायला येतोय," ते म्हणाले. "टेबल अपुरं दिसतं."

त्यांनी मला बायकोच्या खुर्चीवर ठेवलं. खाली दोन उशा दिल्या. खांद्यावर निळा स्वेटर घातला, त्यात मी पार बुडाले. एक फोटो काढून कुणाला तरी पाठवला आणि म्हणाले, "आता बरं वाटतंय." मग ते अंघोळीला गेले.

पाण्याचा आवाज सुरू झाला तसा टेबलावरचा फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. मी हात लांब केला. पोचला.

"कोण बोलतंय?" एका बाईने विचारलं. तिच्या मागे कुठेतरी देवळातली घंटा वाजत होती.

"ते अंघोळीला गेलेत," मी म्हणाले. आवाज जरा कोरडाच आला. "काही निरोप?"

 

"तो स्वेटर," ती म्हणाली, "तुम्हाला बसतो?"

मी खाली पाहिलं. बाह्या बरोबर मनगटापाशी संपत होत्या.