एका माणसाचा भात

तीनशे माणसांच्या भाताला मीठ किती लागतं हे आचाऱ्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. ते त्याच्या हाताला माहीत होतं. हात डब्यात जायचा, मूठ भरायची, पातेल्यावरून फिरायची, आणि टायरच्या कारखान्यातली माणसं पाळीपाळीनं निमूट जेवून जायची. जेवणाला कुणी नावं ठेवली नाहीत. कौतुकही केलं नाही म्हणा, पण कँटीनच्या आचाऱ्यानं कौतुकाची वाट बघायची नसते. तर अशा या माणसाला एका संध्याकाळी लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, एका माणसाच्या भाताला मीठ किती घालायचं?" आणि त्याची दातखीळ बसली.

"थांब हं, आईला विचारतो," तो म्हणाला.

आई शिलाई मशीनवर बसली होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "चिमूटभर म्हणावं. आणि लोक तुम्हाला आचारी म्हणतात."

लेकीचं नाव काहीही असो, घरात ती बिट्टी होती. दातांच्या कवळ्या बनवायचं शिकली आणि लांबच्या शहरातल्या एका लॅबमध्ये वर्षाच्या करारावर कामाला लागली. वर्ष झालं की गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी तिला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. निघताना बापानं विचारलं, "मग वर्षानं येशील ना परत?" तेव्हा ती म्हणाली, "बघू." आचाऱ्यानं त्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा लावला आणि तोच मनाशी घट्ट धरून बसला.

तिकडे तिला खोली मिळाली ती वरच्या मजल्यावर. खोलीत जाळ करायचा नाही ही घरमालकिणीची पहिली अट. दुसरी अटही तीच, फक्त जरा मोठ्या आवाजात. आधीच्या भाडेकरूनं मागे सोडलेला एक मायक्रोवेव्ह फळीवर होता. बिट्टीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यात ठेवायचं एक छोटं भांडं आणलं. पिवळं, प्लॅस्टिकचं, दोन कानांचं, आणि झाकणाला वाफ जायला एक बारीकसं भोक. आपल्या कँटीनमधला डाव त्यात मावणार नाही, हे आचाऱ्यानं तिनं पाठवलेला फोटो बघताच ओळखलं. याच्यात कुणाचं काय पोट भरायचं, असं त्याला वाटलं आणि उगाच गलबलून आलं.

मीठ झालं, भात झाला. मग दोन दिवसांनी तिनं अंड्याचं विचारलं. आचाऱ्यानं जन्मात मायक्रोवेव्हला हात लावला नव्हता, पण पुन्हा बायकोला विचारायची लाज वाटली. "फोडून घाल, झाकण लाव आणि फिरव दोन मिनिटं," त्यानं ठोकून दिलं.

थोड्या वेळानं परत फोन. "बाबा, अंडं उडालं."

"म्हणजे?"

"म्हणजे फाटकन आवाज झाला आणि आता ते मायक्रोवेव्हच्या छतावर आहे."

तो आधी घाबरला, मग दोघंही हसत सुटले. बिट्टी फोन स्पीकरवर टाकून पुसायला लागली, पण वाळलेला बलक काही निघेना. तेव्हा आईनं मशीनवरूनच सुचवलं, "त्याच भांड्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून उकळ, दार न उघडता तशीच वाफ बसू दे, मग पूस." आता वाफ बसेपर्यंत काय करणार? दोघं बोलत राहिले. लॅबमध्ये कवळी करायला आलेल्या एका म्हातारीला आपले तिशीतले दात हवे होते, आणि ते कसे होते हे दाखवायला तिनं आणलेल्या फोटोत ती तोंड मिटून बसली होती. हे सांगताना बिट्टी पुन्हा हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "बाबा, इथं संध्याकाळ फार मोठी असते हो." आचाऱ्याला लिंबाचंच सुचलं. "लिंबू जपून वापर," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ तिथंच बसून होता. अंडं नीट झालं असतं तर ती जेवून झोपली असती, आणि ती मोठी संध्याकाळ त्याच्या कानावरही आली नसती, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला लेक हवी होती. घरात, डोळ्यांसमोर, हवी होती. ती नाही तर तिचा आवाज तरी.

तेव्हापासून तो हातचं राखून सांगायला लागला.

त्यासाठी आधी सगळं नीट यायला हवं, कारण काय राखायचं हे ठरवायला अख्खं माहीत असावं लागतं. त्यानं तसलंच पिवळं भांडं आणलं आणि दुपारचं जेवण आटोपलं की कारखान्याच्या ऑफिसातल्या मायक्रोवेव्हपुढे डबे गरम करणाऱ्या कारकुनांच्या रांगेत उभा राहू लागला. कारकुनांना ही मेजवानीच झाली. "काय आचारी, आपल्या कँटीनचं जेवण आता तुम्हालाही उतरत नाही का?" असं रोज कुणीतरी विचारायचं. आचारी मूग गिळून भांड्यात बोटभर पाणी मोजायचा. तीनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या हाताला एवढंसं काही करायचं म्हणजे शिक्षाच होती. पहिल्यांदा भात उतू गेला, दुसऱ्यांदा कोरडा ठणठणीत झाला, आणि बटाटा न टोचता ठेवला तेव्हा तो फुटून कारकुनांचे डबे खराब झाले. पण माणूस जिद्दीचा. हळूहळू त्याला सगळं जमलं. भात, बटाटे, गाजराचं सूप, बलकाला टाचणी टोचून केलेलं अंडं, इतकंच काय, चहाच्या कपाएवढा केकसुद्धा.

मग बिट्टीला भात परत सांगताना तो तांदूळ किती, पाणी किती, वेळ किती, सगळं नीट सांगायचा, फक्त झाल्यावर झाकण न काढता मुरू द्यायचा हे सांगायचा नाही. बटाटे सांगायचा, त्यांच्यावर चमचाभर पाणी शिंपडायचं राखून ठेवायचा. बिट्टीचा फोन परत यायचा. "बाबा, आतून कच्चट राहिलाय." "हां, मग असं कर," तो म्हणायचा, आणि उपाय होईपर्यंत ती त्याची असायची. लॅबमधलं भांडण, घरमालकिणीचा खोकला, दातांचे साचे पोचवणाऱ्या माणसाची मोडकी सायकल, सगळं सगळं तो ऐकायचा.

बायकोच्या नजरेतून हे सुटणार थोडंच. एका संध्याकाळी तिनं मशीन थांबवलं.

"अहो, काल तिला बटाटे सांगितलेत. पाणी शिंपडायचं नाही सांगितलंत."

"विसरलो."

"तीनशे माणसांचं विसरत नाही ते?"

आचारी वर्तमानपत्रात डोकं घालून बसला.

"पोरगी दिवसभर मान मोडून काम करते, भूक लागल्यावर चार घास खायला बसते, आणि तुम्ही तिला कच्चे बटाटे खायला घालता."

"कच्चे कुठं? दुसऱ्या खेपेला होतातच की नीट. आणि तिलाही जरा बोलायला बरं वाटतं."

"मग बोला की सरळ. बटाट्याच्या आडून कशाला?"

यावरचं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. त्याला लेकीशी सरळ बोलताच येत नव्हतं. ती लहान असताना तो पहाटे कँटीनला जायचा, यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. "जेवलीस का?" एवढं एकच वाक्य त्याच्या तोंडात बसलं होतं, आणि त्याचं उत्तर 'हो' आलं की पुढचं काही सुचायचं नाही. तुझ्यावाचून घर खायला उठतं, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यापेक्षा बटाटे बरे.

पण बिट्टी काही मुकाट्यानं कच्चं खाणारी नव्हती. तिचा हात बसत गेला. दुसरा फोन येईनासा झाला, मग पहिलाही आठवड्यावर गेला. आचाऱ्याचा जीव टांगणीला लागला. आता तोच फोन करायचा आणि त्या भांड्याचे नवनवे उपयोग तिच्या पुढ्यात टाकायचा. शिळा पाव ओल्या फडक्यात गुंडाळून क्षणभर ठेवला की मऊ होतो. लसणाच्या पाकळ्या जराशा गरम केल्या की सालं आपोआप सुटतात. ओला टॉवेल घडी करून भांड्यात गरम करावा आणि मानेवर ठेवावा, दिवसभर वाकून काम करणाऱ्याला बरं वाटतं.

"टॉवेलचं ना? करते मी," बिट्टी म्हणाली. "इथं एकानं सांगितलं."

"कुणी?"

"आहे एक."

असेल लॅबमधलं कुणी, असं त्यानं स्वतःला समजावलं. मान दुखणारी माणसं तिथं पुष्कळ. पण आपल्याआधी कुणीतरी तिच्या मानेचा विचार केला, हे त्याला टोचलं. आणि तिच्या मानेला बरं वाटतंय याचा आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही, याची त्याला लाज वाटली.

वर्ष सरत आलं. दातांच्या डॉक्टरांनी रस्त्यात थांबवून विचारलं, "काय, कन्या येतेय ना?" आचारी "येतेय तर!" म्हणाला, आणि घरी येईपर्यंत स्वतःच त्या बोलण्यावर विश्वास ठेवून बसला. बायको मशीन चालवत राहिली. ती हल्ली बरंच काही बोलत नव्हती.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. बरेच दिवसांनी तो आपणहून वाजला होता. आचारी कणकेचे हात तसेच घेऊन धावला.

"बाबा, भाताचं विचारायचं होतं."

त्याला हायसं वाटलं. "विचार की. विसरलीस का?"

"नाही, एकाचा येतो." ती थांबली. "दोन माणसांचा कसा करायचा?"

आचारी उभा होता तो खुर्चीवर टेकला. मशीनचा आवाज बंद झाला होता.

"कोण आहे गं?" त्यानं विचारलं. आवाज बरा ठेवायचा त्यानं खूप प्रयत्न केला.

"साचे पोचवतो ना, तो. सायकलवाला. सांगणारच होते मी, पण तुम्ही आपले लसूण, पाव..." ती हसायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. "बाबा, लॅबवाले करार वाढवतायत. मी हो म्हटलंय. रागावलात?"

रागावला नव्हता. आता काहीतरी मागावं, अडवावं, आईचं कारण सांगावं, डॉक्टर वाट बघतायत म्हणावं, असं त्याला वाटलं. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. आला तो भात.

"त्या भांड्यात दोघांचा होत नाही," तो म्हणाला. "घालू नकोस, उतू जाईल. दोन खेपा कर. नेहमीएवढाच तांदूळ, दुप्पट पाणी, चिमूटभर मीठ. झाकण जरासं तिरकं ठेव, फेस खाली बसला की नीट लाव. झाल्यावर लगेच उघडायचं नाही. तसाच मुरू दे, मग ताटात काढून वर दुसरं ताट झाक आणि टॉवेलात गुंडाळ, गरम राहतो. दुसरी खेप झाली की दोन्ही एकत्र करून मोकळा कर. आणि पहिला झाला म्हणून त्याला आधी वाढून बसू नकोस. दोघं बरोबरच बसा जेवायला."

तो नुसता फोनमधल्या तिच्या श्वासाला कान देऊन बसला.

"बाबा," बिट्टी म्हणाली, "आज सगळं एकाच फोनात सांगितलंत."

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या कच्च्या बटाट्यापासून ठाऊक होतं, आणि तरी ती परत परत फोन करत राहिली होती.

"हो," तो म्हणाला. "जेवून घ्या आता."

फोन ठेवून त्यानं हात धुतले. बायको उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. भात व्हायला, मुरायला, दुसरी खेप लागायला किती वेळ लागतो हे आचाऱ्याला आता नेमकं माहीत होतं. तेवढा वेळ तो फोनकडे बघत बसला, मग आणखी थोडा बसला. फोन वाजला नाही. भात जमला असणार.