सात सीझनचं पारायण

साधनाने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं ते असं. तिच्या सासूबाई, केशरबाई, अकोल्याहून अमरावतीला राहायला यायच्या होत्या आणि त्यांना दिवसभर गुंतवायला टीव्हीवर काय लावावं, हे साधनाने अकोल्याच्या धाकट्या जावेलाच फोन करून विचारलं.

"त्या रोजच्या सिरीयलीले कंटाळल्या आता आई," प्रतीक्षा म्हणाली. "तुमच्याकडे ते ओटीटी आहे नं, ताई? त्याच्यावर एक लय मस्त सिरीज आहे. बाहेरच्या देशातली, पण हिंदीत केलेली. समुद्राकाठचं मोठं खानदान, जहाजं-गिहाजं. लावून द्या आन् मोकळ्या व्हा."

मोकळ्या व्हा, म्हणे.

केशरबाईंची पाळी वाटून दिलेली होती. तीन महिने थोरल्या मनोजकडे, म्हणजे साधनाच्या घरी, अमरावतीच्या राजापेठेत, तीन महिने धाकट्या नितेशकडे अकोल्याच्या जुन्या शहरात. गुडघे पार गेलेले, बाथरूमपर्यंतसुद्धा धरून न्यावं लागायचं. स्वभाव वाईट नव्हता हो बाईंचा, पण स्वभाव चांगला असला म्हणून माणसाचं वजन कमी होत नाही. साधना ट्यूशन क्लासच्या पोरांना डबे द्यायची. पहाटे कणीक, दुपारी भांडी, संध्याकाळी पुन्हा कणीक. मधल्या वेळात सासूबाईंना उठव, बसव, आंघोळ घाल. कंबर अशी धरलेली की खाली पडलेला चमचा उचलावा की तसाच राहू द्यावा, याचा ती उभ्या उभ्या विचार करायची.

या वेळी मात्र एक आशा होती. पाळी शुक्रवारी संपणार आणि शनिवारी ती आणि मनोज दोघंच सेमाडोहच्या जंगलात जाणार होते. खोली बुक केलेली. वाघ दिसो न दिसो, साधनाला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा पलंगावर बसून प्यायचा, एवढीच तिची इच्छा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी कॉलेजात गेली, तरी एवढी साधी गोष्ट तिच्या वाट्याला आली नव्हती.

तर ती सिरीज. केशरबाईंना ती अशी लागली की विचारू नका. जेवण झालं की त्या टीव्हीसमोर सरकायच्या, साधना भाजीची परात घेऊन बाजूला बसायची. मग सुरू. "हा कोन वं? तो मेला होता नं?" "तो नाई आई, त्याचा भाऊ मेला." "अन् हे बाई कावून रडून राहिली?" साधना मेथी निवडता निवडता सगळं खानदान उलगडून सांगायची. भाग संपला की केशरबाई टीव्हीला हात जोडायच्या. मनोजला हसू यायचं, पण केशरबाईंचा माहेरी-सासरी उभा जन्म पोथ्या ऐकण्यात गेलेला. अध्याय संपला की हात जोडायचे, एवढंच त्यांना ठाऊक.

शुक्रवार जवळ आला तसा साधनाने विषय काढला.

"आई, नितेशभाऊ येऊन राहिले तुमाले न्याले."

"येऊ दे. पन हे कुठी संपलं अजून?"

"राह्यलेलं पुढच्या वेळी पाहू नं."

"असं अर्ध्यातून उठत नसते, साधना. पोथी लावली का शेवटच्या अध्यायापर्यंत बसा लागते. माह्या सासूनं पारायण चालू होतं म्हून मले बापाच्या आजारपनात जाऊ नाई देल्लं."

साधनाने रिमोट घेऊन पाहिलं. तिसरा सीझन निम्मा झाला होता आणि एकंदर सीझन होते सात. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रतीक्षाने मुद्दाम सगळ्यात लांब सिरीज सांगितली होती. म्हातारी इकडेच अडकावी म्हणून!

स्वयंपाकघरात तिने मनोजला हे सगळं ऐकवलं. मनोज म्हणाला, "मग राहू दे महिनाभर. सेमाडोह कुठी पळून चाललं?" भांडायलाही अंगात बळ लागतं. तिने गॅस बंद केला आणि डब्यांची झाकणं लावत बसली.

गुरुवारी दुपारी तिने एक काम केलं. तिसऱ्या सीझनचा पुढचा भाग न लावता थेट सातव्याचा शेवटचा भाग लावला. पडद्यावर सगळ्यांचे केस पांढरे झालेले, घर बदललेलं, खानदानातला म्हातारा भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसलेला. साधना खाली मान घालून गवारीच्या शेंगा मोडत राहिली. आज केशरबाईंनी एकदाही विचारलं नाही, हा कोण आणि ती कोण. नावांची पाटी सरकायला लागली तेव्हा त्यांनी हात जोडले.

"झालं म्हना," त्या म्हणाल्या.

घोडं गंगेत न्हालं, असं साधनाला वाटलं आणि ती तशीच जमिनीवर आडवी झाली.

शुक्रवारी सकाळी ती सासूबाईंची लुगडी घडी करून पिशवीत भरत होती. केशरबाई पलंगावरून बघत होत्या.

"टीव्हीतली ते लहान पोट्टी काल एकदम लेकुरवाळी झाली वं."

साधनाचा हात थांबला.

"मी अडानी हाओ, आंधळी नाई."

"मंग बोलल्या कावून नाई, आई?"

"तुह्यं तोंड पाह्यलं. थकली तू." केशरबाईंनी पदर सारखा केला. "अन् प्रतीक्षावर राग नोको धरू. परवा तू मनोजजवळ बोलली, ते ऐकलं म्या. सर्वात लांब कोनती हाय, हे मीच तिले इचारलं होतं. तेच साधनाले सांग, म्हनलं."

"कावून पण?"

"तिकडं ते दोघंबी फुलाच्या दुकानात. टीव्ही लावून देते बिचारी अन् जाते. पाह्यला काय, नाई पाह्यला काय. इथं तू भाजी निवडाले बाजूले बसते. मले कुठी समजून राह्यलं होतं त्याच्यातलं? तू सांगत होती म्हून मी पाहून राह्यली होती."

साधनाला लाज वाटली. अगदी आतून वाटली. 'राहा आई,' हे शब्द ओठांपर्यंत आले, आणि त्यांच्यामागोमाग सेमाडोहचा तो पलंग आला, तो चहा आला. लुगडी भरून झाली तसं तिने पिशवीचं तोंड बांधलं. नितेश आला, जेवला, आईला अलगद उचलून गाडीत बसवून घेऊन गेला. जाताना केशरबाईंनी साधनाच्या गालावरून हात फिरवला, त्याने तर तिला आणखीच वाईट वाटलं.

दिवेलागणीला अकोल्याहून फोन आला. प्रतीक्षाच होती.

"ताई, आई टीव्ही लावूच देऊन नाई राहिल्या. कोणती लावू, तुमीच सांगा एखादी चांगली."

"कोणतीबी लाव," साधना म्हणाली. "पण बाजूले बस थोडी."

"ताई," प्रतीक्षा म्हणाली, "पहाटे फुलबाजारात गेली तवापासून उभी आहे मी. बसली का झोपच लागते मले."

साधनाच्या डोळ्यांसमोर तिचे पाय आले. आपल्यासारखेच, घोट्याशी सुजलेले. दोन दिवस उगाच हिचा राग राग केला.

"मग झोप," ती म्हणाली. "त्यांच्या बाजूलेच झोप. त्याइले तेवढंबी पुरते."