आठ मीटरचा गाळा

बोटीच्या पुढच्या टोकाला नांगर लटकत होता. त्याच्या दातावर तिने टेपचं टोक धरलं आणि हात स्थिर केला. मागच्या बाजूला धक्क्यावर उकिडव्या बसलेल्या व्यवस्थापकाने टेप ताणली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा वाचला.

"आठ मीटर अकरा."

"परत बघा," बाबा म्हणाले.

"काका, तीनदा बघितलं. टेप तीच, बोट तीच."

या माणसाला त्याच्या पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. जुना धक्का पाडल्यावर नव्या धक्क्यावर बोट लावायला एकच गाळा उरला होता, आठ मीटरचा. बाबांनी अर्जात लांबी सात पासष्ट लिहिली होती. कागदपत्रांवर तेवढीच होती, पण ती नुसत्या सांगाड्याची. गाळ्यात बोट नांगर आणि शिडीसकट शिरते, आणि आठ मीटरच्या बाहेर राहिलेलं टोक येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या वाटेत येतं. बसली नाही तर क्रेनने उचलून मागच्या पटांगणात ठेवणार होते. तिथे ताडपत्रीखाली सात-आठ बोटी होत्या. त्यांतली एकही पुन्हा पाण्यात उतरलेली बाबांनी पाहिली नव्हती.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, काका."

"पाय आहेत तेवढेच आहेत. अंथरूण तुम्ही कापलंत."

फूटपट्टी हसला. वहीत मात्र त्याने काही लिहिलं नाही, पेन खिशाला लावलं.

"जेवून येतो. तासाभरात काही कमी झालं तर परत मोजू."

तो गेल्यावर बाबांनी आतून पाना आणला.

"मागची शिडी काढू. चार बोल्ट, चोवीस सेंटिमीटर. सुटलो."

"आणि शिडी लागली तर?"

"कुणाला लागतेय? तुझ्या आईला पोहायचं असायचं म्हणून लावली होती. आता कोण उतरतंय पाण्यात."

"द्या इकडे. तुम्ही वाकू नका."

ती मागच्या फळीवर गुडघे टेकून बसली. शिडी दुमडून उभी केलेली होती. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजून घट्ट व्हायला हव्या होत्या. तिने बोट लावलं तर शिडी अलगद हलली. बिजागऱ्यांना तेल होतं. वरच्या पायरीला बारीक निळी दोरी बांधलेली होती, अगदी नवी, आणि तिचं गाठ मारलेलं टोक बाहेरच्या बाजूने खाली सोडलेलं होतं.

ती दोरीकडे बघत राहिली. बोटीवरच्या माणसाला शिडी हाताने खाली पाडता येते. दोरीचा उपयोग फक्त पाण्यातल्या माणसाला.

"ही दोरी कधी बांधलीत?"

"कुठली? ती होय. राहिली असेल बांधलेली."

बाबांनी फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेली काच पुसायला सुरुवात केली.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी फोन बदलला होता. पाण्यात पडला, म्हणाले होते. हाताला भोकं पडलीत का तुमच्या, असं म्हणून ती हसली होती. फोन कसा पडला हे तिने विचारलं नव्हतं.

तिने पाना उचलला आणि पुढच्या टोकाकडे गेली.

"शिडी राहू दे. नांगर काढू. बावीस सेंटिमीटर भरतो."

"अगं, बारा किलोचा आहे तो. दर वेळी आत घ्यायचा, दर वेळी बाहेर लावायचा. माझ्या कमरेचं काय?"

"दुसऱ्या माणसाला घेऊन जायचं."

"आणू कुठून दुसरं माणूस?"

"रविवारी मी मोकळी असते."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस बोट गाळ्यात."

"म्हणजे मी तुझ्या सुट्टीची वाट बघत बसायचं."

"हो."

बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले. फडकं खांद्यावर टाकून ते पुढे आले आणि नांगराची दुसरी बाजू त्यांनी धरली.

फूटपट्टी जेवून आला, तेव्हा नांगर आतल्या पेटीत होता.

"सात एकोणनव्वद," त्याने वाचलं आणि या वेळी वहीत लिहिलं. "बसवा."

बाबांनी बोट गाळ्यात नेली, एका दमात, कुठेही न घासता. पुढे आणि मागे मिळून अकरा सेंटिमीटर उरले. इंजिन थांबलं. ती मागच्या फळीवर जाऊन बसली आणि दोरी ओढली. शिडी उलगडून पाण्यात गेली. तिने ती पुन्हा वर घेतली आणि दोरीच्या टोकापासून पाण्यापर्यंतचं अंतर हाताने मोजलं.

"दोरी वीतभर लांब हवी," ती म्हणाली.

बाबा दोर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दोन वीत," ते म्हणाले. "कपडे भिजले की हात वर जात नाही."