तिरका गेलेला टॅप

ज्याने आयुष्यभर पोलादाला आपल्या मर्जीने आकार दिला, त्याच्यावरही कधीतरी नुसते पाहत राहण्याची पाळी येते. त्यात कोणाचा अपराध असतोच असे नाही. दुःख मात्र पुरेपूर असते.

कारखान्यात सारे ज्यांना दादा म्हणत, त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. हा त्यांचा अखेरचा साचा. म्हणून शेवटच्या भोकात आटे पाडण्याचे काम त्यांनी हट्टाने स्वतःच केले, आणि आटे कापणारा टॅप कडकन मोडून आत रुतला. टॅपच्या एवढ्या कठीण पोलादापुढे ड्रिलनेही हात टेकले. उरला एकच उपाय : धाकट्या बहिणीचे ठिणगीचे यंत्र.

तिने साचा तेलाच्या टाकीत बसवला. तांब्याची कांडी हळूहळू खाली उतरू लागली. ती पोलादाला शिवत नाही. केसभर अंतरावरून विजेच्या ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगीसरशी धातूचा एक कण वितळून तेलात वाहून जातो.

"वीज वाढव की जरा! मुंगीसुद्धा याहून लवकर डोंगर पोखरेल."

"घाई केली तर भोक जळेल, दादा. चहा घे."

"चहा कसला, डोंबलाचा!"

थोड्या वेळाने तिने कांडी वर घेऊन पाहिली. ती एकाच बाजूने झिजली होती.

"टॅप तिरका गेलाय. पाण्याच्या वाटेकडे."

साचा थंड ठेवणारी ती वाट भोकाला अगदी लागून होती. टॅपचे टोक सुटायचे, तर भोक त्याच अंगाने रुंदवावे लागणार होते.

"थांबवू?"

"तुकडा आत राहिला तर साचा जुळायचा नाही. चालू दे."

दादा टाकीवर वाकले. आत काय चालले आहे ते दिसत नव्हते, नुसती तडतड ऐकू येत होती. एवढ्यात पाण्याच्या वाटेच्या तोंडातून नितळ तेलात काजळीची एक काळी रेघ तरंगत वर आली. मधली भिंत फुटली होती; आता साच्यातून पाणी गळणार होते.

बहिणीने यंत्र बंद केले. "वेल्डिंग करून बघू या?"

"तडकेल गं. तुलाही ठाऊक आहे."

तिने स्टूल ओढले आणि दादांच्या शेजारी बसली.

त्या दोघा भावंडांना परस्परांचा आधार अखंड लाभो.