पुरानंतरचं नाणं

नाशकात गोदावरीचा पूर मोजायचा तर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघायचं. पाणी त्याच्या कमरेला लागलं की बघ्यांची गर्दी होते, छातीला लागलं की दुकानदार माल हलवतात, आणि गळ्याला लागलं की आमचे हे खुशीत घरभर येरझारा घालायला लागतात. सगळं गाव पूर ओसरावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं, आणि आमच्याकडे शिरा!

यांचं नाव समाधान, पण जुन्या नाण्यांच्या बाबतीत ते नावालाच. कपाटात सातवाहनांपासून शिवराईपर्यंत सगळं आहे, पण सगळं विकतचं. नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा भरला की यांचे मित्र अमोल दरवर्षी तेच विचारतात, "समाधानराव, यातलं स्वतः शोधलेलं कुठलं?" मग हे चहाचा कप तोंडाला लावतात. गोदावरीच्या वाळूतून एक तरी नाणं आपल्या हाताने काढायचं, एवढीच हौस, आणि ती कित्येक पावसाळे कोरडीच राहिली होती.

"पूर चढताना नदी नुसती धावते," हे मला समजावतात, "उतरताना निवडते. हलकं पुढे नेते, जड दगडाआड ठेवते. पाणी मारुतीच्या पायाखाली गेलं की गाळ वाळायच्या आत जायचं."

या श्रावणात आम्ही तसेच गेलो. हे पुलाखाली गुडघाभर चिखलात, हातात माझी पिठाची चाळण. मी पायरीवर, हातात छत्री आणि तोंडात चाळणीबद्दलची बोलणी. आधी खिळे निघाले, मग निरांजनाचा तुकडा, मग लोकांनी नदीत टाकलेली हल्लीची नाणी.

आणि मग हे ओरडले, "उज्वला! अगं, क्षत्रपांचं आहे! चांदीचं!"

नखाएवढं नाणं, त्यावर दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा मोठ्या नाकाचा राजा. मी भराभर पायऱ्या उतरले. यांनी ते तळहातावर धरलं, मी फोटो काढला. मलाही इतका आनंद झाला की चाळणीचं बोलणं मी तिथल्या तिथे मागे घेतलं.

आता सासूबाईंची शिकवण अशी, की गंगामाईकडून, म्हणजे आमच्या गोदेकडून, काही घेतलं तर रुपया वाहिल्याशिवाय निघायचं नाही. उजव्या मुठीत नाणं असल्यामुळे यांनी डाव्या हाताने खिशातला रुपया काढला. डोळे मिटले, पुटपुटले. पण देवाला डाव्या हाताने कोण वाहतं? जन्माची सवय. उजवा हात आपोआप पुढे झाला आणि उघडला.

डुबुक!

हे डोळे उघडून डाव्या हातातल्या रुपयाकडे बघत राहिले. मला आधी हसू फुटलं, पण यांचा चेहरा बघून मी ते आवरलं. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी तळ चाचपला. मी पातळ खोचून, छत्री सोडून. पण धारेत पडलेलं ते, कसलं सापडतंय!

"आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, गंगेला खरं सोनं दिलंस," हे शेवटी म्हणाले.

"चांदी," मी म्हणाले.

मग मात्र आम्ही दोघं त्या चिखलात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

मेळाव्याला जायचं नाही, असं यांनी ठरवलं. अमोलना काय सांगणार? घरी मी फोन उघडून पाहिला, तर नाणं म्हणजे नुसता पांढरा ठिपका. माझा हात हलला होता. पण यांचा चेहरा लख्ख आला होता. लग्नातही हा माणूस एवढा खूश दिसला नव्हता. मी तो फोटो मोठा करून चौकटीत बसवला, यांना हाताला धरून मेळाव्याला नेलं, चौकटीपुढे तो रुपया ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: 'गोदावरीत सापडलं. गोदावरीलाच वाहिलं.'

लोक जमले. "यात नाणं कुठे दिसतंय?" कुणीतरी म्हणालं. यांनी मान खाली घातली.

अमोलनी चष्मा पुसला आणि बराच वेळ फोटो पाहिला. "नाणं नसेना का दिसत," ते म्हणाले, "अस्सल होतं. बनावट नाण्याने माणसाचा चेहरा असा होत नाही. समाधानराव, कुठल्या दगडाआड मिळालं ते सांगा आधी."

हे सांगायला लागले. समोरचा चहा गार झाला, वर साय धरली, तरी यांचं सांगणं संपेना.